न भरलेल्या कराचा अर्थ

कर न भरणे ही कृती आहे की कृतीचा अभाव, हा प्रश्न सविनय कायदेभंगाच्या मीमांसेत सहसा उपस्थित केला जात नाही. करबंदीचा उल्लेख या मीमांसेत हटकून येतो. परंतु तो जंगल सत्याग्रह, मनाईहुकूम मोडून काढलेली मिरवणूक, दारूच्या गुत्त्यांवरील निदर्शने यांच्या पंक्तीला, एक प्रकार म्हणून येतो आणि मीमांसक पुढे जातो. वस्तुतः या पंक्तीत करबंदीचे स्थान निराळे आहे. मिरवणूक डोळ्यांना दिसते. तोडलेले गवत, उचललेले मीठ या वस्तूच स्वतःचा अर्थ अंगावर घेऊन येतात. कर न भरणारा मात्र काहीच करीत नाही. ठरलेल्या मुदतीत त्याने चावडीवर वा कचेरीत जावयाचे असते, तो जात नाही, एवढेच. एकाच गावातील दोन माणसांनी एकाच वर्षी कर थकवला, पैकी एकाने सदसद्विवेकबुद्धीच्या आज्ञेवरून आणि दुसऱ्याने निव्वळ लोभापायी, तर वहीत दोघांच्याही नावापुढे एकच शब्द उमटतो : बाकी. वहीला हेतू कळत नाही.

म्हणूनच न भरलेल्या कराला अर्थ कोठून येतो हा प्रश्न मला साहित्यसमीक्षेच्या कक्षेतला वाटतो. थकबाकीचे रूपांतर निषेधात होते ते तिच्याभोवती रचलेल्या संहितेमुळे. ही संहिता म्हणजे एखादे पत्र, प्रतिज्ञा, व्याख्यान, निबंध, कधी एखादी वर्तमानपत्रातील जाहिरात. जे. एल. ऑस्टिनच्या परिभाषेत बोलायचे तर ‘मी नाकारतो’ ही भाषिक कृती आहे आणि इतर भाषिक कृतींप्रमाणे तिलाही सिद्ध होण्यासाठी काही अटी पुऱ्या कराव्या लागतात. त्या अटी कोणत्या, त्या पुऱ्या झाल्या किंवा नाहीत हे कोणी ठरवायचे, आणि त्या पुऱ्या झाल्या तरी नकार न्याय्य ठरतो काय, असे हे तीन प्रश्न आहेत. ते एकमेकांत मिसळले जातात आणि त्यामुळे या विषयावरील बरेचसे लेखन एक तर स्तुतिपर होते किंवा तुच्छतादर्शक.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. ‘सविनय कायदेभंग’ या मराठी शब्दप्रयोगात ‘सविनय’ हे पद ज्या इंग्रजी विशेषणाच्या जागी आले, त्याचा एक अर्थ ‘सभ्य, सौजन्यपूर्ण’ असा आहे. दुसरा ‘नागरिक आणि राज्यसंस्था यांच्या संबंधांतला’ असा. थोरोच्या सुप्रसिद्ध निबंधाच्या शीर्षकात हा दुसरा अर्थ अधिक संभवतो. शिवाय ते शीर्षक त्याने स्वतः छापवलेले नाही. १८४९ मध्ये एलिझाबेथ पीबडीने संपादित केलेल्या ‘एस्थेटिक पेपर्स’मध्ये निबंध प्रथम आला तेव्हा त्याचे शीर्षक ‘नागरी शासनाला प्रतिकार’ अशा अर्थाचे होते. आज रूढ असलेले शीर्षक थोरोच्या मृत्यूनंतर, १८६६ च्या संग्रहात अवतरले. म्हणजे ‘प्रतिकार’ जाऊन ‘अवज्ञा’ आली, आणि पुढे गांधीजींच्या हाती त्या अवज्ञेला विनयाची जोड मिळाली. मराठीने हा विनय समासाच्या अग्रभागी ठेवला. थोरोच्या निबंधात विनय शोधू जाणाऱ्या वाचकाची निराशा होते, कारण त्याचा निवेदक उद्धट आहे, मिस्कील आहे, शेजाऱ्यांना टोचून बोलणारा आहे. मात्र विनय या शब्दाला आपल्याकडे शिस्तीचाही अर्थ आहे (बौद्धांच्या विनयपिटकात तोच आहे) आणि त्या अर्थाने विनयाचा प्रश्न थोरोलाही चुकत नाही.

थोरोची कथा सर्वपरिचित आहे. परंतु ती ज्या क्रमाने घडली त्या क्रमाने सांगितली जात नाही. मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड गावी जुलै १८४६ मध्ये डोईपट्टी न भरल्याबद्दल सॅम स्टेपल्स या अधिकाऱ्याने त्याला तुरुंगात नेले. एक रात्र तो तेथे राहिला. कोणीतरी पट्टी भरून टाकली (ही व्यक्ती म्हणजे त्याची आत्या मारिया असावी असे सामान्यतः मानले जाते) आणि सकाळी त्याची सुटका झाली. १८४८ च्या आरंभी त्याने कॉन्कॉर्डच्या व्याख्यानमंडळात या विषयावर भाषण केले; निबंध पुढच्या वर्षी छापला गेला. नकाराची कारणे म्हणून निबंधात गुलामगिरी आणि मेक्सिकोवरील युद्ध यांचा निर्देश आहे. परंतु आपण सहा वर्षे डोईपट्टी भरलेली नाही असेही थोरो त्याच निबंधात नमूद करतो. मेक्सिकोचे युद्ध सुरू झाले मे १८४६ मध्ये, अटकेच्या जेमतेम दोन महिने आधी. तेव्हा हे युद्ध मूळ नकाराचे कारण असणे शक्य नाही. गुलामगिरीचे कारण अर्थातच जुने आहे. त्याच्याच गावातील ब्रॉन्सन अल्कॉटला याच पट्टीपायी १८४३ मध्ये ताब्यात घेण्यात आले होते, आणि त्याचीही पट्टी दुसऱ्याच कोणी भरली होती. थोडक्यात, नकार आधी सुरू झाला; त्याचा पूर्ण अर्थ नंतर लिहिला गेला, आणि लिहिताना त्यात नवी कारणे सामावली गेली.

मग हा अर्थ पश्चात्‌बुद्धीचा म्हणून खोटा मानायचा काय? मला तसे वाटत नाही. साहित्यसमीक्षेत आपण १९४६ पासून, म्हणजे विम्सॅट आणि बीअर्ड्‌स्ली यांनी लेखकाच्या हेतूला प्रमाण मानण्यातील तर्कदोष दाखवून दिल्यापासून, हेतू आणि अर्थ यांची फारकत करायला शिकलो आहोत. नैतिक मूल्यमापनात ही फारकत इतक्या सहजपणे करता येत नाही, तेथे हेतू काढून घेतला तर उरते ती केवळ थकबाकी. परंतु हेतू हा मनाच्या तळाशी आधीपासून तयार असतो आणि संहिता केवळ तो वर आणते, ही कल्पनाही तपासून पाहण्याजोगी आहे. थोरोचा नकार गावात उघड होता. चर्चसाठी मागितलेली पट्टी नाकारताना त्याने यापूर्वीच एक लेखी निवेदन गावाच्या कारभाऱ्यांकडे दिले होते की, ज्या संस्थेत मी स्वतः सामील झालो नाही तिचा सभासद मला गणू नये. ते निवेदन गावच्या दप्तरी होते. म्हणजे कारणे वाढत, बदलत गेली तरी नकाराला पहिल्यापासून श्रोता होता. रस्तापट्टी मात्र त्याने कधी थकवली नाही, कारण चांगला शेजारी असण्यात त्याला बाध येऊ द्यायचा नव्हता. ही बारीकशी गोष्ट मला निबंधातील अनेक गाजलेल्या विधानांपेक्षा महत्त्वाची वाटते. एक पट्टी भरून दुसरी नाकारणाऱ्याला लोभी म्हणणे कठीण असते.

तत्त्ववेत्त्यांनी थोरोला सविनय कायदेभंगाच्या व्याख्येतून जवळजवळ बाहेरच ठेवले आहे, हा या इतिहासातला एक विरोधाभास. जॉन रॉल्सने १९७१ च्या आपल्या न्यायविषयक ग्रंथात सविनय कायदेभंग आणि विवेकाधिष्ठित नकार असे दोन वर्ग केले आणि थोरोच्या करनकाराला दुसऱ्यात टाकले. पहिल्या वर्गातील कृती बहुसंख्याकांच्या न्यायबुद्धीला आवाहन करते; दुसऱ्यातील तसे करीलच असे नाही. हॅना आरेन्टने त्याआधी एक वर्ष लिहिलेल्या निबंधात अधिक कठोर भूमिका घेतली. सदसद्विवेकबुद्धी स्वतःच्या आत्म्याच्या स्वच्छतेची चिंता करते, जगाची नव्हे. म्हणून ती मुळात अराजकीय असते, आणि कायदेभंग करणारा हा नेहमी एका समूहाचा घटक असतो, असा तिच्या प्रतिपादनाचा रोख आहे. दोघांचीही विभागणी सैद्धांतिक दृष्ट्या उपयुक्त आहे. पण ती थोरोच्या तुरुंगातील रात्रीचे वाचन करते, व्याख्यानमंडळातील संध्याकाळीचे करीत नाही. ज्याने आपल्या शेजाऱ्यांना एकत्र बसवून, तुमचा पैसा कोठे जातो याचा विचार तुम्ही का करीत नाही असे विचारले, त्याला अराजकीय म्हणणे हे त्याच्या निबंधातील ‘मी’ला फार शब्दशः घेणे आहे.

या वादाची खरी कसोटी मला एका समीक्षकाच्याच प्रकरणात सापडते. एडमंड विल्सन हा विसाव्या शतकातील अमेरिकन समीक्षेतला एक मातब्बर पुरुष. ‘ॲक्सल्स कासल’चा कर्ता म्हणून आपल्या विद्यापीठांतूनही वाचला गेलेला. १९४६ ते १९५५ या काळात त्याने आयकराचे विवरणपत्रच भरले नाही. पुढे एका वकिलाकडे तो गेला तेव्हा प्रकरण किती गंभीर आहे हे त्याला समजले. व्याज, दंड, मिळकतीवर टाच, चौकश्यांचा ससेमिरा आणि अखेर तडजोड, असे सगळे झाले. १९६३ मध्ये त्याने ‘शीतयुद्ध आणि आयकर : एक निषेध’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. पुस्तकाचा पूर्वार्ध कर खात्याशी झालेल्या झटापटीची, पुष्कळशी विनोदी आणि बरीचशी चिडखोर, हकीकत आहे. उत्तरार्धात अण्वस्त्रे, रासायनिक व जैविक युद्धाची तयारी यांवर करदात्याचा पैसा कसा उधळला जातो याचे विवेचन येते. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या स्वातंत्र्यपदकासाठी त्याची निवड झाली, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

विल्सनचे पुस्तक म्हणजे थकबाकीला मागाहून चढवलेली निषेधाची झूल होय, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु आक्षेपकाला त्यात फारसे श्रम नाहीत, कारण आपले मूळ वर्तन तत्त्वापोटी नव्हे, हलगर्जीपणापोटी घडले हे विल्सन स्वतःच कबूल करतो. हा प्रामाणिकपणा पुस्तकाला तारतो, पण नऊ-दहा वर्षांच्या त्या मौनाला तारत नाही. येथे थोरोशी तुलना उपयोगी पडते. दोघांचीही कारणे मागाहून पूर्ण झाली. तेव्हा भेद कारणांच्या काळात नाही. तो असा की, थोरोचा नकार नेहमी कोणाला तरी उद्देशून होता आणि विल्सनचा कोणालाच उद्देशून नव्हता. शासनाला तो ठाऊक नव्हता, वाचकांनाही नव्हता, खुद्द विल्सनलाही तो नकार म्हणून ठाऊक नव्हता. कारण नंतर सापडू शकते, संबोधन नंतर जोडता येत नाही. नकार सिद्ध होण्याची पहिली अट म्हणून मी संबोधनाकडे बोट दाखवीन : तो ज्याच्याविरुद्ध आहे त्याला तो कळवला गेला पाहिजे, आणि कळवणाऱ्याने परिणामांसाठी जागेवर उभे राहिले पाहिजे. ‘विनया’चा शिस्त हा अर्थ येथे लागू पडतो.

विल्सनच्या पुस्तकात अखेरीस एक वळण आहे. यापुढे आपण शक्य तितके कमी कमवू, म्हणजे करपात्र मर्यादेच्या खाली राहू आणि युद्धखात्याला आपला पैसा मिळणार नाही, असा बेत तो जाहीर करतो. यात कायदा कोठेच मोडत नाही. म्हणजे जेथे कायदा मोडला तेथे निषेध नव्हता आणि जेथे निषेध आहे तेथे कायदेभंग नाही! तरीही नैतिक दृष्ट्या या पुस्तकातील सर्वांत गंभीर वाक्य हेच, कारण ते लिहिणाराला काहीतरी गमवावे लागणार होते.

पाच वर्षांनी, १९६८ मध्ये, अमेरिकेतील चारशेहून अधिक लेखक व संपादकांनी ‘न्यूयॉर्क पोस्ट’मध्ये जाहिरात देऊन जाहीर केले की, व्हिएतनाम युद्धासाठी प्रस्तावित असलेला दहा टक्के अधिभार आम्ही भरणार नाही. युद्धाकडे जाणारा आयकराचा तेवीस टक्के भागही रोखण्याची घोषणा त्यांच्यापैकी अनेकांनी केली. सूझन सॉन्टॅग, नॉर्मन मेलर, टॉमस पिंचन, ग्लोरिया स्टायनम ही त्यांतली काही नावे. येथे संबोधन होते, तेही ठळक अक्षरांत. पण एक नवी अडचण उभी राहते. तेवीस टक्के रोखले तरी उरलेल्या सत्त्याहत्तरातले तेवीस टक्के पुन्हा युद्धाकडेच जाणार. पैशावर त्याच्या धन्याची खूण नसते, तो तिजोरीत पडला की पाण्यात पाणी मिसळावे तसा मिसळतो. थोरोला हे कळले असावे, म्हणून आपल्या डॉलरचा माग काढीत बसण्यात आपल्याला रस नाही, असे तो सांगतो. त्याला राज्याशी असलेली निष्ठाच काढून घ्यायची होती. लेखकांची टक्केवारी हिशेब म्हणून चुकीची आहे, रूपक म्हणून बरोबर आहे. ती शासनाच्या अंदाजपत्रकाचे एक वाचन आहे आणि त्या वाचनाला वाचकाने स्वतःच्या खिशातून दिलेली साक्ष आहे.

डॉलरचा माग काढू नये, हे थोरोचे म्हणणे मला मात्र अखेरपर्यंत मान्य होत नाही, आणि त्याचे कारण मराठीत आहे.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात आणि पुढील वर्षीच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये महात्मा फुले यांनी जो युक्तिवाद केला त्याचा गाभा नेमका हा माग काढण्यात आहे. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या श्रमातून येतो. त्याच्याकडून शेतसाऱ्यावर लोकल फंड वसूल केला जातो. आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ उच्च वर्ण-वर्गांच्या मुलांना मिळून ज्याने पैसा दिला त्याची मुले निरक्षर राहतात. फुल्यांनी येथे करबंदी पुकारलेली नाही. त्यांनी जमाखर्चाची वही उघडून जमेची बाजू आणि खर्चाची बाजू एकमेकींसमोर ठेवून वाचली. थोरोचा प्रश्न असा : माझ्या पैशाने मी कोणत्या पापाचा भागीदार होतो? फुल्यांचा प्रश्न : कोणाच्या घामावर कोण शिकतो? पहिल्या प्रश्नात देणारा आपल्या अंतःकरणाकडे पाहतो, दुसऱ्यात तो वहीकडे पाहतो. आरेन्टने सदसद्विवेकबुद्धीवर घेतलेला आक्षेप फुल्यांच्या प्रश्नाला लागूच होत नाही.

हा भेद केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा नाही. संबोधनाची अट पुरी केलेला प्रत्येक नकार न्याय्य ठरत नाही. समजा, उद्या एखादा सुस्थितीतील करदाता उघडपणे, वर्तमानपत्रात आपले नाव देऊन म्हणाला की, वंचितांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी माझा कर खर्च होतो, हे मला पटत नाही, म्हणून मी तो भरणार नाही; शिक्षा भोगायला मी तयार आहे. त्याचा नकार उघड आहे, अहिंसक आहे, प्रामाणिकही असेल. थोरोच्या निकषांवर त्याला बाजूला सारणे सोपे नाही, कारण विवेकबुद्धी त्यालाही आहे. त्याचे म्हणणे म्हणजे फुल्यांचा युक्तिवाद उलटा करून वाचणे होय, आणि तो उलटा आहे हे वही उघडल्याशिवाय दाखवता येत नाही. कोणाच्या श्रमातून संपत्ती आली, आतापर्यंत खर्चाचा ओघ कोणाकडे वाहिला, आणि हा कर थांबला तर तूट कोणाच्या ताटातून भरून निघेल, हे विचारावे लागते. नकार सिद्ध झाला की नाही हे संहितेवरून ठरते. तो योग्य आहे की नाही हे ठरवायला संहितेबाहेर यावे लागते. संहितेबाहेर काहीच नसते, असे आग्रहाने मांडणाऱ्या सिद्धांतांच्या चाहत्यांनी या जागी जरा थांबावे.

मराठी मुलुखाला वहीवाचनाची ही परंपरा अपरिचित नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने आणि लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने शेतकऱ्यांना दुष्काळविषयक सरकारी नियम समजावून दिले : पीक बुडाले असेल तर साऱ्यात सूट वा तहकुबी मिळण्याची तरतूद आहे, घरातली भांडीकुंडी विकून सारा भरू नका. तांत्रिक दृष्ट्या हा कायदेभंग नव्हताच. तुमचा कायदा तुम्हीच पाळा, असे शासनाला सांगणे होते. कर्जबाजारी, भेदरलेल्या रयतेच्या हाती नियमांचे मराठी रूप पडले, एवढ्यानेच सरकारला ही चळवळ राजद्रोही भासू लागली.

बार्डोलीचा लढाही याच दृष्टीने पाहावा असे मला वाटते. सुरत जिल्ह्यातील हा तालुका तेव्हा मुंबई इलाख्यात होता. येथील करबंदी खरे तर १९२२ मध्येच व्हायची, परंतु चौरीचौराच्या घटनेनंतर गांधीजींनी ती स्थगित केली. सहा वर्षांनी, फेब्रुवारी १९२८ मध्ये, शेतसाऱ्यातील बावीस टक्के वाढीविरुद्ध वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी प्रतिज्ञा घेतली. या प्रतिज्ञेची रचना काळजीपूर्वक पाहण्याजोगी आहे. सारा देणार नाही, असे ती म्हणत नाही. जुना सारा पूर्ण वसुली म्हणून स्वीकारा किंवा निःपक्षपाती चौकशी नेमा, तोवर आम्ही काही देणार नाही, असे तिचे स्वरूप आहे. नकारातच देण्याची अट लिहिलेली आहे. शिवाय जिच्यावर आक्षेप होता ती वस्तूही एक संहिताच होती, म्हणजे ज्यावरून सारावाढ ठरली तो जमाबंदीचा अहवाल. जमिनीच्या खंडाचे आकडे नीट पडताळून न पाहता त्यांवरून निष्कर्ष काढले गेले, असे शेतकऱ्यांच्या बाजूचे म्हणणे होते. जप्त्या झाल्या, म्हशी ओढून नेल्या गेल्या, जमिनी सरकारजमा झाल्याच्या नोटिसा निघाल्या, पटेल-तलाठ्यांनी राजीनामे दिले. ऑगस्टमध्ये तडजोड होऊन ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी समिती नेमली गेली. यांतला ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारा न्यायाधीश. समितीने तो अहवाल विश्वासार्ह मानला नाही आणि वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आणली. शेतकऱ्यांनी म्हशींसह दारे लावून घरात कोंडून घेतलेले ते महिने एका कागदाच्या चिकित्सेसाठी खर्ची पडले होते, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

पण बार्डोलीच्या वहीतही काही नावे नव्हती. सारा भरणारे आणि म्हणून तो नाकारू शकणारे होते ते खातेदार, त्यांत पाटीदार प्रमुख. त्यांच्या शेतांवर राबणारे दुबळा जमातीतील हाळी पिढ्यान्‌पिढ्या कर्जापायी बांधलेले होते. त्यांच्या नावे जमीन नव्हती, म्हणून सारा नव्हता, म्हणून नाकारण्याजोगे काही नव्हते. करबंदी हा खातेदाराचा अधिकार आहे. बिनखात्याच्या माणसाला तो उपलब्धच नसतो. थोरोलाही निदान डोईपट्टी होती. हाळी मात्र मीठ विकत घेई, आणि मिठावर कर होता. दोन वर्षांनी, ६ एप्रिल १९३० रोजी, गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. दांडी तेव्हा त्याच सुरत जिल्ह्यात होते. अप्रत्यक्ष कर ‘न भरून’ नाकारता येत नाही, कारण तो किमतीत दडलेला असतो आणि विकत घेणाऱ्याला मागितलाच जात नाही. म्हणून अभावाच्या जागी कृती आणावी लागली, वाकून मूठभर मीठ उचलण्याची. साराबंदीत ज्याला स्थान नव्हते त्यालाही करता येईल अशी ही कृती होती.

तेव्हापासून करव्यवस्थेने नकाराची जागा पद्धतशीरपणे आक्रसत नेली आहे. अमेरिकेत १९४३ पासून वेतनातूनच कर कापून घेतला जाऊ लागला. आपल्याकडेही नोकरदाराचा आयकर त्याच्या हाती पगार पडण्यापूर्वीच वजा होतो. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन निषेधकांनी दूरध्वनीच्या बिलावरील कराकडे मोर्चा वळवला तो याचसाठी, तो कर अजून हाताने भरावा लागत होता. काहींनी पगारातील कपात टाळण्यासाठी अवलंबितांची संख्या फुगवून लिहिली आणि त्यांच्यावर खटले झाले. उघडपणे नाकारण्यासाठी आधी खोटे लिहावे लागावे, अशी ही कोंडी होती, आणि खोटे लिहिल्याबरोबर नकाराची भाषिक कृती अफरातफरीच्या भाषेत जाऊन पडत होती. १ जुलै २०१७ पासून भारतात वस्तू व सेवा कर आहे. साबणाच्या वडीवर, मोबाईलच्या रिचार्जवर शेतमजूर आणि उद्योगपती तो एकाच दराने देतात. शेतमजुराचे नाव कोणत्याही वहीत करदाता म्हणून नसते, आणि म्हणून ‘करदात्यांचा पैसा’ या विषयावर वाद झडतात तेव्हा त्याची गणना पैसा देणाऱ्यांत होत नाही, घेणाऱ्यांत होते. फुल्यांनी जी जमाबाजू वाचून दाखवली होती ती अशा रीतीने पुन्हा अवाचनीय झाली आहे.

करनकार कायद्याच्याच चौकटीत सामावून घ्यावा, असाही एक प्रयत्न झालेला आहे. ज्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला युद्ध मान्य नाही त्यांचा कर वेगळ्या निधीत टाकून केवळ बिनलष्करी कामांसाठी वापरावा, अशा आशयाचे विधेयक अमेरिकन काँग्रेसमध्ये १९७२ मध्ये प्रथम आले आणि नंतर अनेक वेळा मांडले गेले. ते संमत झालेले नाही. ते संमत झाले असते तर विवरणपत्रात एक चौकट वाढली असती आणि तीत खूण करून नागरिक निश्चिंत झाला असता. लष्करावरील एकूण तरतूद संसदेला हवी तेवढीच राहिली असती, फक्त ती इतरांच्या पैशातून झाल्याचे दाखवले गेले असते. थोरोच्या शेजाऱ्यांना त्या चौकटीतली खूण दिसली नसती, त्यामुळे त्यांना तिच्याविषयी काही विचारण्याचा प्रसंगही आला नसता. आणि फुल्यांना असल्या सोयीचा काही उपयोग नव्हता. आपला पैसा बाजूला काढून ठेवावा असे त्यांनी आयोगाला म्हटले नव्हते. तो ज्यांच्याकडून आला त्यांच्या गावात शाळा काढा, असे म्हटले होते.